उन्हाने कीड मरते की वांझ होते?



होळी झाली की आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या पट्ट्यात एक बोलणे हमखास कानावर येते. कधी बांधावर, कधी एस.टी.च्या थांब्यावर, कधी लग्नाच्या मांडवात. "यंदा ऊन असं पडलंय की किडामुंगी सगळी जळून गेली असेल. खरिपाला औषधाचा खर्च वाचला म्हणायचा." बोलणारा कपाळाचा घाम पुसतो आणि ऐकणारे माना डोलावतात.

ऊन कडक असते यात वाद नाही. मुंबईला दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पण माहुलीच्या पायथ्याशी येईपर्यंत त्याला उशीर होतो आणि त्याचा जोरही उरत नाही. म्हणून तिकडे पारा ३४-३५ वर अडला तरी आपल्याकडे तो ४० च्या पुढे चढतो. त्यातून अलीकडची वर्षे जास्तच तापलेली. २०२२ चा मार्च हा देशातल्या १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि २०२४ हे सबंध वर्षच तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

मग कीड जळून जाते का? जळते म्हणावे तर पहिल्या पावसाबरोबर खोडकिडीचे पतंग हजर असतात. जळत नाही म्हणावे तर वालावरचा मावा ऊन चढताच दिसेनासा होतो. खरे उत्तर या दोहोंच्या मधले आहे. ते नीट कळले नाही तर नुकसान दोन बाजूंनी होते. शत्रू मेला असे समजून आपण गाफील राहतो. आणि मधमाशीसारखा मित्र जिवंत दिसतो म्हणून, तो आतून निकामी होत चालला तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

आधी किड्याचे अंग कसे चालते ते पाहू. माणसाचे, बैलाचे, कोंबडीचे अंग बाहेर थंडी असो की ऊन, आपली ठरावीक ऊब धरून असते. किड्याला ती सोय नाही. जसा भोवताल तापेल तसे त्याचे अंग तापते. थंडीत सकाळी नाकतोडा हाताने उचलता येतो आणि दुपारी तोच हाताला लागत नाही, हे तुम्ही पोरवयापासून पाहिलेले आहे. ऊब मिळाली की तो चपळ होतो, खातो, वाढतो, अंडी घालतो. पण याला हद्द आहे.

साठवणीच्या धान्यातल्या किडींवर जगभर पुष्कळ काम झाले आहे, त्यावरून ही हद्द चांगली कळते. २५ ते ३२ अंश सेल्सिअस म्हणजे त्यांचा सुकाळ. ३५ अंशांच्या आसपास प्रजा वाढणे थांबते. ३५ ते ४२ च्या दरम्यान किडा मरत नाही, गारवा शोधत पळतो. पळायला जागाच नसेल तर वंश हळूहळू संपतो. ४५ ते ५० अंशांत तो दिवसभरात मरतो. ५० च्या वर तासाच्या आत, आणि ६० च्या पलीकडे तर पाहता पाहता मरतो.

यातली ३५ ते ४२ ही मधली पायरी लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. या पायरीवर किडा चालतो, उडतो, खातो, नर-मादी एकत्रही येतात. फक्त अंडी फुटत नाहीत. कीड मरण्याच्या बरीच आधी वांझ होते.

म्हशीवरून समजून घ्या. ऐन वैशाखात म्हैस चारा खाते, दूधही थोडेफार देते, पण माजावर येत नाही. आली तरी मुका माज, मालकाला कळत नाही. रेडा दाखवला तरी उलटते. म्हैस आजारी नसते, पण वेत लांबते. किड्यांत असाच प्रकार होतो, आणि तिथे पहिला फटका बसतो तो नराला.

इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने यावर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग होता पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर. आपल्या रव्यात, पिठात निघतो तोच हा. नरांना पाच दिवस ४२ अंशांच्या उष्णतेत ठेवले. नर जगले, पण त्यांच्यापासून होणारी प्रजा निम्म्यावर आली. काही दिवसांनी त्याच नरांना दुसरा चटका दिला, तेव्हा ते जवळजवळ वांझ झाले. माद्यांना तसेच तापवले तर त्यांच्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. मात्र जी मादी आधीच नराशी संग करून बसली होती, तिच्या पोटात साठवलेले वीर्य उष्णतेने बिघडले. म्हणजे मादी धडधाकट, पण तिच्याजवळची शिदोरी नासली.

हे एका भुंगेऱ्यापुरते नाही. २०२१ साली इंग्लंडमधल्याच लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी फळांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या ४३ जाती तपासल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या जातींत नर मरण्याच्या तापमानापेक्षा कमी तापमानातच वांझ झाले. कोणती जात कोणत्या मुलखात टिकून राहते, हेही जिवंत राहण्याच्या हद्दीवरून तितके कळत नाही जितके या वांझपणाच्या हद्दीवरून कळते, असे त्यांना आढळले.

असे का होते? वीर्य तयार होत असताना त्याच्या पेशी फार नाजूक असतात. उष्णतेने त्यांतली प्रथिने बिघडतात, कच्चे अंडे तव्यावर थिजावे तशी. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांना हा अनुभव दुसऱ्या रूपाने आलेला असेल. भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ च्या वर राहिला तर लोंबीत पोचट दाणे वाढतात. तिथेही बिघडतो तो मुख्यतः पराग, म्हणजे नराचाच भाग. रोप हिरवेगार दिसते आणि लोंबी हलकी निघते.

माणसाने नराचा हा दुबळेपणा मुद्दाम वापरूनही पाहिला आहे. जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणारी एक माशी अमेरिका खंडात फार माजली होती. तिचे नर किरणांनी वांझ करून, जिवंत ठेवून, १९५४ साली क्युरासाओ नावाच्या बेटावर विमानातून सोडले. माद्या त्यांच्याशी संग करून बसल्या, अंडी फुटली नाहीत आणि काही महिन्यांत बेटावरून ती माशी नाहीशी झाली. तिथे एकही माशी औषधाने मारावी लागली नाही, हे ध्यानात घ्या.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे ४१-४२ अंश ऊन पडते, ते हेच काम फुकटात करत असेल की! इथेच फसगत होते. रेडिओवर सांगतात ते तापमान उंचावर, सावलीत मोजलेल्या हवेचे. कीड त्या हवेत बसलेली नसते. ती कुठे आहे ते पाहा.

भाताचा पिवळा खोडकिडा कापणीनंतर धसकटात, अगदी बुडाशी शिरून सुस्त पडतो. अळी पोटात दाणापाणी न घेता उन्हाळा काढते आणि पावसाची चाहूल लागताच कोष करून पतंग होऊन बाहेर येते. धसकटाभोवती मातीची ढेप असते. उघड्या काळ्या जमिनीचा वरचा पापुद्रा वैशाखात दुपारी ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्यावर अनवाणी पाय ठरत नाही. पण चार-सहा बोटे खाली जा, माती पुष्कळ निवलेली असते. वालातला भुंगेरा दाण्याच्या आत असतो, दाणे कणगीत, कणगी कौलांखाली माजघरात. बाहेर आग ओकत असताना कणगीत कोपरापर्यंत हात घाला, दाणा जेमतेम कोमट लागेल. म्हणजे तिथे साधारण ३० अंश. वर सांगितले त्याप्रमाणे हाच तिचा सुकाळ. बाहेरच्या उन्हाने कीड मारली नाही, उलट घराच्या सावलीत तिला पाळणा बांधून दिला.

आणि या उबेत पिढी लवकर उरकते. कडधान्याच्या भुंगेऱ्याची एक पिढी तीन ते चार आठवड्यांत पुरी होते. एक मादी ऐंशीच्या आसपास अंडी घालते. त्यातली निम्मीच जगली आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या तरी मार्चमधल्या एका मादीच्या एप्रिलात वीस, मे महिन्यात चारशे आणि पाऊस लागेपर्यंत आठ हजार होतात. मृगात डबा उघडला की वालाला भोकेच भोके दिसतात, ती या हिशेबाने.

तेव्हा उन्हाचा उपयोग करून घ्यायचा तर कीड जिथे लपली आहे तिथून तिला उन्हात आणले पाहिजे. आणि अर्धवट नाही, पुरते तापवले पाहिजे.

वाल तापवण्याची रीत

सारवलेल्या अंगणात सुपाने वाल पसरून दोन दिवस ऊन देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. चांगली आहे, दाणा वाळतो. पण किडीच्या दृष्टीने ती अपुरी पडते. सारवलेली जमीन थंड, दाण्यांचा थर जाड. वरचा दाणा तापतो, खालचा तापत नाही. चालते-फिरते भुंगेरे कडेला सरकून भिंतीच्या सावलीत जातात आणि संध्याकाळी वाल भरले की मागोमाग परत येतात. दाण्याच्या आतली अळी तर हललेलीच नसते.

चवळीच्या भुंगेऱ्यावरील अभ्यासात असे दिसले की ५७ अंश तापमान तासभर मिळाले तर अंडी, अळी, कोष, भुंगेरा सगळे मरतात. ६५ अंशांना पाच मिनिटे पुरतात. एवढी उष्णता नुसत्या उन्हाने येत नाही, ती कोंडावी लागते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या मदतीने आफ्रिकेतील कॅमेरून देशात लहान शेतकऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या दोन कागदांत चवळी तापवण्याची रीत बसवली गेली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेनेही तुरीचे बी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उन्हात तापवून भुंगेऱ्याचा बंदोबस्त करून दाखवला. आपल्या वालाला, चवळीला, तुरीला, हरभऱ्याला हीच युक्ती लागू पडते.

झोडणी-पाखडणी झाल्यावर वाल आधी दोन-तीन दिवस नेहमीसारखे वाळवून घ्यावेत. ही पायरी चुकवू नये, कारण ओला दाणा कोंडून तापवला तर आत शिजल्यासारखा होतो आणि बी मरते. मग अंगणात भाताच्या पेंढ्याचा चांगला चार बोटे थर द्यावा. पेंढा यासाठी की खालची जमीन उष्णता ओढून घेत नाही. त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. कागदावर वाल एक ते दीड बोट जाडीचा सारखा थर होईल असे पसरावेत, यापेक्षा जाड नको. वरून पांढरा, आरपार दिसणारा कागद घालावा आणि चारी कडा खालच्या कागदाबरोबर दुमडून दगडांनी दाबाव्यात. कुठे फट राहता कामा नये. फट राहिली की वाफ गेली आणि भुंगेराही गेला.

स्वच्छ उन्हात अकरा ते तीन एवढा वेळ ठेवावे. काम तसे दोन तासांतही उरकते, पण आपल्याकडे तापमापक नसतो, म्हणून दोन तास जास्तीचे. मधे एकदा कागद उचलून मूठभर दाणे हातात घ्यावेत. चटका बसून टाकून द्यावेसे वाटले पाहिजेत. नुसते गरम लागले तर समजावे की आपण त्या मधल्या पायरीवरच आहोत, कीड मेली नाही. ढगाळ दिवशी हा उद्योग करूच नये. फेब्रुवारीअखेर ते मे हे दिवस याला उत्तम.

झाले की वाल सावलीत पूर्ण निवू द्यावेत. गरम दाणा डब्यात भरला तर झाकणाला पाणी सुटते आणि बुरशी येते. निवल्यावर मात्र त्याच संध्याकाळी भरावेत, रात्रभर उघडे ठेवू नयेत, नाहीतर नवा भुंगेरा येऊन अंडी चिकटवतो. डबा, पिंप किंवा सारवलेली कणगी आधी झाडून, उन्हात तापवून घ्यावी. मागच्या साली कीड लागलेली गोणपाटे पुन्हा वापरायची असतील तर त्यांनाही याच कागदांत घालून तापवावे. माझ्या मते निम्मी कीड घरात येते ती या जुन्या गोणपाटांतूनच. चुलीची चाळलेली राख मिसळायची जुनी पद्धत याच्या जोडीला ठेवावी. राखेने दाण्यांमधल्या पोकळ्या भरतात आणि भुंगेऱ्याला हिंडायला, जोडी जुळवायला जागा राहत नाही.

काम फत्ते झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे. तापवलेल्यांतले, पांढरे ठिपके म्हणजे अंडी चिकटलेले शंभरेक दाणे काचेच्या बरणीत घालून तोंडाला फडके बांधावे आणि महिनाभर फळीवर ठेवावे. एकही भुंगेरा निघाला नाही तर समजावे जमले. ठिपके तसेच दिसतील, त्यांना घाबरू नये. ती न फुटणारी अंडी आहेत.

पेरणीच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिल्याशिवाय सगळे बी तापवू नये. आधी थोडेसे तापवावे, उगवून पाहावे, मग बाकीचे.

भाताला मात्र हा उपाय करू नका. गिरणीत कांडायचा भात असा कडक तापवला तर दाण्याला आतून चिरा जातात आणि तांदळाऐवजी कणीच पदरात पडते. भात कोवळ्या उन्हात, थर हलवत, दाणा दाताखाली कट् वाजेपर्यंत वाळवावा आणि कोरड्या, स्वच्छ जागी भरावा. सोंडे येतात ते ओल्या दाण्यात.

खोडकिड्यासाठी उन्हाची मदत घ्यायची तर कापणी जमिनीलगत करावी आणि शेतात ओल आहे तोवरच नांगर घालावा. जमीन एकदा दगडासारखी झाली की नांगर चालत नाही आणि धसकटे मार्चपर्यंत तशीच उभी राहतात. उपटलेली धसकटे ढेप फोडून गोळा करावीत आणि राबाच्या कवळात घालावीत. राब भाजताना ती आपोआप जळतात, वेगळा खटाटोप नको. राबाच्या आगीने रोपवाटिकेच्या वरच्या थरातले तणाचे बी आणि किडे मरतात हे खरे, पण तीही आग दोन बोटांखाली फारशी पोचत नाही. ज्यांना राबाला पालापाचोळा मिळत नाही त्यांनी मे महिन्यात वाफ्याला पाणी देऊन, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा कागद घट्ट पसरून चार आठवडे जमीन तापवून पाहावी. ओल्या मातीत उष्णता खोलवर उतरते.

मधमाशीला ऊन कसे बाधते

आता मित्रांकडे वळू. इथे मामला उलटा आहे. इथे वांझपणा आपल्याला परवडणारा नाही.

काकडी, कारली, दुधी, शिराळे, कलिंगड या वेलांवर नर-फुले वेगळी आणि मादी-फुले वेगळी. माशी एकाचे पराग दुसऱ्यावर नेईल तेव्हाच फळ धरते. फूल पहाटे उमलते, आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याचा कस संपतो. माश्या कमी आल्या तर फळ गळते, किंवा एका बाजूला फुगलेली, वाकडी काकडी मिळते. ती व्यापारी घेत नाही. अशा वेळी पुष्कळजण खताची मात्रा वाढवतात किंवा टॉनिक मारतात. आधी सकाळी सात ते नऊ वेलाजवळ उभे राहून माश्या मोजाव्यात.

मधमाशी तशी उन्हाला हिकमतीने तोंड देते. पोळ्यातल्या पिल्लांसाठी ती ३४-३५ अंश तापमान सांभाळते. बाहेर जास्त तापले की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि दारात ओळीने बसून पंखांनी वारा घालतात. एरवी मध आणणाऱ्या माश्या मग पाणक्या होतात. पाणी लांब असेल तर दिवस त्यातच जातो आणि तुमच्या काकडीकडे यायला कोणी उरत नाही.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. राणीमाशी आयुष्याच्या सुरुवातीला काही दिवसांत उडून अनेक नरांशी संग करते आणि ते वीर्य पोटातल्या पिशवीत जपून वर्षानुवर्षे वापरते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात युरोपीय मधमाश्यांवर केलेल्या कामात ४२ अंशांत सहा तास ठेवलेल्या नरांपैकी सुमारे निम्मे मेले. राणी त्या मानाने काटक, ती सहज मरत नाही. पण फार तापली तर तिच्या पिशवीतले वीर्य मरू लागते. आता मधमाशीच्या कुळाची एक खास रीत आहे. फळलेल्या अंड्यातून मादी, म्हणजे कामकरी माशी निघते, आणि न फळलेल्या अंड्यातून नर निघतो. राणीजवळचे वीर्य संपले की ती अंडी घालतच राहते, पण निघतात नुसते नर. नर मध आणत नाही, पाणी आणत नाही. राणी जिवंत, पोळे भरलेले, आणि वसाहत मात्र उतरणीला लागलेली.

आपली सातेरी आपल्या हवेला सरावलेली आहे. झाडाच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत ती राहते तेव्हा तिला फारसे भय नाही. भय आहे ते आपण तिला पेटीत आणून पत्र्याखाली ठेवतो तेव्हा. पेटी आंब्याच्या, करंजाच्या दाट सावलीत ठेवावी, तोंड पूर्वेला, म्हणजे दुपारचे ऊन दारावर येत नाही. सावली नसेल तर पेटीवर पेंढ्याचा जाड थर घालून त्यावर ओले गोणपाट टाकावे. जवळच पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि त्यात खडे, काटक्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडतात. भांडे एकदा ठेवले की रोज भरावे, जागा बदलू नये. सातेरी फार तापली की पेटी सोडून निघून जाते, मग हात चोळत बसावे लागते. ज्यांना पेट्या ठेवायच्या आहेत त्यांच्यासाठी पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. १९६२ पासूनची ही संस्था प्रशिक्षण देते.

पेटी नसणाऱ्यांनीही एवढे करावे: वेलाच्या बांधावर दोन-चार पाण्याची भांडी, बांधावरची करंज-जांभूळ-शिवण तोडू नये, आणि फवारणी संध्याकाळी पाचनंतर. दुपारच्या उन्हात फवारणी केली तर उष्णतेने आधीच अर्धमेली झालेली माशी औषधाने संपते, पाने करपतात ती वेगळीच.

ट्रायकोकार्ड कसे सांभाळावे

मधमाशीच्या कुळातलाच, पण डोळ्याला जेमतेम दिसणारा आणखी एक मित्र म्हणजे ट्रायकोग्रामा. ही बारीक गांधीलमाशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि अळीऐवजी तिचेच पिल्लू बाहेर येते. भाताच्या खोडकिड्यासाठी लावणीनंतर महिन्याने, दर आठवड्याला हेक्टरी ५०,००० याप्रमाणे चार-पाच वेळा ही माशी सोडतात. पावसाळ्यात तिला हवा मानवते. अडचण येते ती फेब्रुवारी ते मे, भेंडीच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कार्ड लावतो तेव्हा.

एका कार्डावर साधारण अठरा ते वीस हजार जीव असतात. ते प्रयोगशाळेत २५ ते २७ अंशांत वाढलेले. कार्ड खिशात घालून, मोटारसायकलच्या डिकीत टाकून भर दुपारी शहापुराहून गावी नेले की काय होईल ते वेगळे सांगायला नको. काही मरतात. जगतात त्यांतल्या नरांचे वीर्य बिघडते. आणि इथेही रीत मधमाशीचीच, न फळलेल्या अंड्यातून नुसते नर. ट्रायकोग्रामाचा नर किडीच्या अंड्याला हात लावत नाही, ते काम मादीचे. म्हणजे पुढची पिढी शेतात असून नसल्यासारखी. मग आपण म्हणतो, "कार्डात काही दम नाही."

कार्ड सकाळी लवकर आणावे. फडक्यात गुंडाळून, बाजूला गार पाण्याची बाटली ठेवून डब्यात घालावे. कार्ड भिजू देऊ नये. उन्ह कलल्यावर, शेताला पाणी दिलेल्या दिवशी, कापून त्याचे तुकडे पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने लावावेत. वरच्या बाजूला लावलेला तुकडा दुसऱ्या दिवशी बारापर्यंत भाजून निघतो. मुंग्या चढत असतील तर देठाला थोडे एरंडेल लावावे. पुढचा आठवडाभर कोणतेही कीटकनाशक मारू नये.

भेंडीवर याच दिवसांत पाने तांबूस होऊन मागे बारीक जाळी दिसू लागली तर तो लाल कोळी. कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि वर सांगितलेल्या हद्दी त्याला तशाच लागू पडत नाहीत. कोरड्या उन्हात तो उलट माजतो. कीटकनाशक मारून त्याला खाणारे मित्रकिडे मेले की आणखी माजतो. पहिल्या दोन-चार पानांवर दिसताच ती पाने तोडून पुरावीत आणि संध्याकाळी पानांच्या खालून साध्या पाण्याचा जोरदार फवारा द्यावा.